सहा मीटरच्या गल्लीच्या तोंडावर बावीस मजले येतायत, शेजारी म्हणून आम्ही काय मागू शकतो?

कोथरूडची रहिवासी

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहिते.

आमची गल्ली कोथरूडमध्ये, कर्वे रोडपासून आत. मेट्रोचं स्टेशन चालत सात-आठ मिनिटांवर. गल्ली सहा मीटर रुंद आणि एका टोकाला बंद, म्हणजे आत आलेली गाडी त्याच तोंडाने बाहेर पडणार. तोंडावर अठरा मीटरचा रस्ता. त्या कोपऱ्यावरच्या दोन सोसायट्या, तळमजला अधिक तीन, प्रत्येकी सोळा घरं, एकत्र येऊन पुनर्विकासाला चालल्या आहेत. दोन्ही प्लॉट मिळून साधारण २,६०० चौरस मीटर. बिल्डरने सभासदांना जे सादरीकरण दाखवलं त्यात खाली पार्किंगचे तीन मजले, वर बावीस मजले, एकूण १३२ घरं आणि मोठ्या रस्त्याकडे दुकानं आहेत. तिथल्या मैत्रिणीने मला नकाशांचे फोटो पाठवले. पुढची सगळी बाजू दुकानांनी घेतल्यामुळे गाड्यांचं गेट आमच्या गल्लीत काढलंय.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. त्या मैत्रिणीच्या घराच्या छताचं प्लॅस्टर दोनदा पडलंय, लिफ्ट नाही, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून उतरवावं लागतं. त्यांना चांगलं घर मिळायलाच हवं. पण आज गल्लीत त्या दोन सोसायट्या धरून चौसष्ट घरं आहेत. उद्या ती एकशे चौसष्ट होतील. पाणी, ड्रेनेज आणि रस्ता मात्र बंगल्यांच्या वेळचाच राहणार.

पाण्याचं सांगते. आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं, साडेसातला जातं. शेवटच्या तीन बंगल्यांना साडेसहानंतरच धड धार लागते, कारण आधी तोंडावरच्या टाक्या भरतात. आता तोंडावरच १३२ घरांची टाकी आली तर मागच्यांनी काय करायचं? माणशी रोजचं १३५ लिटर हे सरकारीच प्रमाण. घरात चार माणसं धरली तर त्या इमारतीला दिवसाला ७१,००० लिटर लागणार. आजच्या बत्तीस घरांना १७,००० लागतं.

ड्रेनेजची लाइन नऊ इंची, चिनी मातीच्या पाइपची. सात नंबरच्या बंगल्यासमोरचा चेंबर दर जुलैत भरतो. आधी झाकणाच्या दोन भोकांतून बुडबुडे येतात, मग झाकण एका बाजूने उचलतं आणि घाण पाणी उताराने दोन फाटकांत शिरतं. तिथल्या आजोबांनी फाटकाच्या आत विटांचा उंबरा बांधून घेतलाय आणि पावसाळ्यात ते पायरीवर वाळूची पोती ठेवतात. हे सगळं आजच्या चौसष्ट घरांवर.

चौकशीला संबंधित कार्यालयात गेले होते. तिथल्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, प्लॉट नियमात बसतोय, रस्ता अठरा मीटरचा आहे, मग तुमची हरकत कशावर? मी विचारलं, गल्लीचं काय? ते म्हणाले, गल्लीची फाइल नसते हो, फाइल प्लॉटची असते.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी बँकेत कर्जविभागात होते. एकाच माणसाने पाच शाखांतून पाच कर्जं घेतली तर प्रत्येक फाइल वेगवेगळी बघून चालत नाही, एकूण बोजा बघावाच लागतो. इथे आमच्या गल्लीचा एकूण बोजा कुणी बघतच नाहीये. समोरच्या दोन बंगल्यांचंही बोलणं चालू आहे असं कानावर आलंय.

तर मला विचारायचंय ते असं. परवानगी मिळण्याआधी शेजाऱ्यांना काही विचारतात का? नकाशे अधिकृतपणे कुठे बघायला मिळतील? गेट मोठ्या रस्त्यावर घ्या असं आम्ही मागू शकतो का? आणि लाइन बदलल्याशिवाय राहायला परवानगी देऊ नका, असं म्हणायला काही आधार आहे का? "कोर्टात जा" एवढंच उत्तर कृपया नको. त्या दोन सोसायट्यांमधल्या बायकांशी माझं हळदीकुंकवापासूनचं नातं आहे, मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये.

---

नकाशे करणारा

ताई, मी गेली बरीच वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात परवानगीच्या फायली करतो. जमेल तेवढं सांगतो.

आधी एवढे मजले कुठून येतात ते. डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, लागू आहे आणि त्यात जवळजवळ सगळं रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. पुण्यात गावठाणाबाहेरच्या दाट नसलेल्या भागात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते, १.१०. समोर १८ ते २४ मीटरचा रस्ता असेल तर त्यावर ०.५० प्रीमियम भरून आणि ०.९० टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन, एकूण २.५०. त्याच्यावर घरांसाठी ६० टक्के अ‍ॅन्सिलरी, म्हणजे जिना, बाल्कनी, पॅसेज वगैरे जे पूर्वी मोजायचे नाहीत त्याच्या बदल्यात. तुमच्या २,६०० मीटरच्या प्लॉटवर ६,५०० आणि वर ३,९००, एकूण १०,४०० चौरस मीटर. पार्किंगचे मजले यात नाहीत. शिवाय मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत असाल तर टीओडीचे, म्हणजे मेट्रोलगत जास्त बांधकाम देणारे, नियम लागू होऊ शकतात. त्यात प्लॉट आणि रस्ता मोठा असेल तर एफएसआय ४ पर्यंत जातो. स्टेशनपासूनचं अंतर नकाशावर मोजून घ्या, चालत किती मिनिटं यावर जाऊ नका.

आता तुमच्या गल्लीतले बाकीचे प्लॉट. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर ना प्रीमियम मिळतो ना टीडीआर, १.१० वरच थांबावं लागतं. म्हणून आतले बंगले अजून उभे आहेत. पण म्हणूनच रस्ता रुंद करायची मागणीही होत राहते. २०२० मध्ये शहरातले ३२३ रस्ते ६ मीटरचे ९ मीटर करायचा प्रस्ताव स्थायी समितीत आला होता, महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा घेऊन. प्रभात रोड, भांडारकर रोडकडच्या लोकांनी तेव्हा जोरात विरोध केला होता. तुमच्या गल्लीचा नंबर अशा कुठल्या यादीत लागलाय का ते आत्ताच विचारून ठेवा. समोरच्या बंगल्यांचं बोलणं चालू आहे म्हणताय तर शक्यता मोठी आहे.

शेजाऱ्यांना विचारतात का, तर नाही. प्लॉटवर जे नियमाने बसतं त्याला शेजाऱ्याची संमती लागत नाही. एकूण बांधकाम, पार्किंग आणि तळघर धरून, २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं तर पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारतींसाठी त्यातही जनसुनावणी नाही. मंजुरीतल्या अटी आणि दर सहा महिन्यांचा पालन अहवाल मात्र बघायला मिळतो, तो बघत जा.

नकाशे बघायला दोन वाटा. विक्रीची घरं असल्यामुळे प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदवावाच लागेल, आणि मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी तिथल्या संकेतस्थळावर कुणालाही दिसते. त्याच्या आधी हवं असेल तर माहितीचा अधिकार, दहा रुपये, तीस दिवस. अर्जात "सर्व माहिती द्या" असं लिहू नका. प्लॉटचा क्रमांक देऊन नेमकं मागा: आवक-जावक गेटची जागा दाखवणारा नकाशा, पाणीपुरवठा विभागाचा अभिप्राय, ड्रेनेज विभागाचा अभिप्राय आणि त्यात धरलेला लाइनचा व्यास.

गेटचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंय. एफएसआय मागताना अठरा मीटरचा रस्ता दाखवायचा आणि गाड्या सहा मीटरच्या गल्लीत सोडायच्या, हे अनेक कोपऱ्याच्या प्लॉटांवर होतं. नकाशा मंजूर होण्याआधी हे लेखी विचारलंत तर बदलायला सोपं जातं. पाया भरल्यावर कुणी हलत नाही, कारण रॅम्पची जागा ठरलेली असते.

---

तिसऱ्या मजल्यावरचा सभासद

मी सहकारनगरचा. आमची सोसायटी १९८१ ची, पुनर्विकासाच्या मधोमध आहे. दुसरी बाजू कुणीतरी सांगायला हवी म्हणून लिहितो.

काकू, तुम्ही तुमच्या मैत्रिणीच्या सासूबाईंचं लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, कारण शेजाऱ्यांच्या बैठकीत आमच्याविषयी असं कुणी बोलत नाही. आमच्या इमारतीत कॉलमचं सिमेंट फुगून आतली सळई उघडी पडलीय. मी स्वतः सळईवरचा पापुद्रा बोटाने काढला तर तो बिस्किटासारखा तुटला. माझे वडील दोन वर्षांत खाली उतरलेले नाहीत. आम्हाला दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, आणि बिल्डर जास्त घरं विकल्याशिवाय आम्हाला घर फुकट बांधून देत नाही. एवढं सरळ गणित आहे.

म्हणून माझी विनंती, हरकत घ्यायची असेल तर लवकर घ्या. घरं रिकामी झाली, आम्ही भाड्याच्या घरांत गेलो आणि मग काम अडलं तर भोगणार आम्ही. बिल्डर नव्हे. आमच्या ओळखीतले लोक भाडं थांबल्यावर मुलीकडे जाऊन राहिलेत.

आणि एक उपयोगाचं सांगतो. तुम्ही कार्यालयांकडे जाताय ते जा, पण खरी ताकद आत्ता त्या दोन सोसायट्यांच्या हातात आहे. पुनर्विकास सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खाली चालतो, ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. बिल्डरची निवड उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर, विशेष सभेत होते, व्हिडिओ चित्रीकरण होतं, एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती लागते. त्यानंतर विकास करारनामा होतो. करारनामा नोंदणी होईपर्यंत सभासद म्हणतील ते त्यात घालता येतं. आम्ही आमच्या करारात घातलंय की गाड्यांची ये-जा मोठ्या रस्त्यावरूनच राहील, आणि पाण्याचा नवीन नळजोड मुख्य लाइनवरून, बिल्डरच्या खर्चाने. शेजाऱ्यांवरच्या उपकारासाठी नाही घातलं. तिथे उद्या राहणार आम्हीच आहोत. गल्ली तुंबली तर आमचीच गाडी अडकणार. मैत्रिणीला हे सांगून बघा, तिला पटेल.

---

पार्लेकर

विलेपार्ले पूर्वेला आमच्या शेजारी नुकतीच एक इमारत उभी राहिली. विमानतळामुळे आमच्याकडे उंचीला मर्यादा आहे, त्यामुळे बिल्डर वर न जाता खाली जातात. खड्ड्याच्या अनुभवातून सांगतो, कारण ताईंच्या प्रश्नात हे आलेलं नाही आणि सगळ्यात आधी हेच येणार आहे.

काम सुरू होण्याआधी तुमच्या प्रत्येक इमारतीची, बंगल्याची, कुंपणभिंतीची नोंद करून ठेवा. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून. प्रत्येक खोलीचे फोटो, तारीख दिसेल असे. असलेली प्रत्येक भेग पट्टी ठेवून फोटोत घ्या. ज्यांनी हे केलं नव्हतं असे आमच्या इमारतीतले चार जण आहेत आणि त्यांना नंतर एकच उत्तर मिळालं, भेग आधीपासूनची आहे. ज्यांनी केलं होतं त्यांचं काम बिल्डरने करून दिलं.

आमच्या इंजिनीअरबाईंनी भेगेवर काचेच्या पातळ पट्ट्या दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवल्या आणि खाली पेन्सिलने तारीख लिहिली. भिंत हलली की काच तडकते. आमच्या जिन्यातली पट्टी खोदकाम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तडकली. तोच फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी साइटचे लोक बघायला आले आणि खड्ड्याच्या त्या बाजूला जास्तीचे आधार लावले. तोंडी तक्रार केली असती तर कुणी आलं नसतं.

खड्ड्यातून पाणी उपसत असतील तर ते कुठे सोडतात ते बघा. तुमच्या त्या नऊ इंची लाइनमध्ये सोडलं तर सात नंबरच्या आजोबांना जुलैची वाट बघावी लागणार नाही. गाळ बसून पाइप बंद होतो. आमच्याकडे तसं झालं होतं.

गेटचं म्हणाल तर मी नकाशेवाल्या सरांशी पूर्ण सहमत आहे आणि पुढे जाऊन म्हणतो, बाकी सगळं सोडा पण गेट सोडू नका. पाइप नंतर बदलता येतो. रॅम्प बदलता येत नाही.

---

सूसहून

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

मी सूसला एका मोठ्या गृहप्रकल्पात राहतो. २०२१ मध्ये जी तेवीस गावं महापालिकेत आली त्यातलं हे एक. आमच्या इमारतीत नळाला महापालिकेचं पाणी नाही. परवानगी घेताना बिल्डरने लिहून दिलं होतं की पाणी येईपर्यंत तो देईल. ताबा दिला, सोसायटी झाली, आणि आता टँकरचे पैसे आम्ही भरतो. उन्हाळ्यात टँकर उशिरा आला की मुलं शाळेला न आंघोळ करता जातात. मेट्रो नाही, फुटपाथ नाही, रुग्णालय लांब.

कोथरूडमध्ये मेट्रो आहे. वनाझ ते गरवारे मार्च २०२२ पासून चालू आहे, आता तीच लाइन रामवाडीपर्यंत जाते. शाळा आहेत, भाजीमंडई आहे, खडकवासल्याचं पाणी येतं. मग नवीन घरं तिथे नाही बांधायची तर कुठे? तिथे १३२ घरं झाली नाहीत तर ती माणसं नाहीशी होत नाहीत, ती आमच्याकडे येतात आणि रोज गाडी काढून तुमच्याच कर्वे रोडवरून कामाला जातात. मेट्रोच्या शेजारी उंच इमारती हव्यातच, हे मी मनापासून म्हणतो.

पण पैसे कुठे जातात, हे मात्र तुम्ही जरूर विचारा. प्रीमियम एफएसआयचे पैसे, विकास शुल्क, हे सगळं बिल्डर भरतो आणि शेवटी घर घेणारा भरतो. तुमच्या एका कोपऱ्यावरून मोठी रक्कम जमा होणार आहे. त्यातून तुमच्या गल्लीची लाइन मोठी होत नसेल तर तो तुमच्यावर अन्याय आहे, आणि तिथे नवीन राहायला येणाऱ्यांवरही. इमारत नको असं म्हणालात तर मी तुमच्या बाजूने नाही. लाइन आधी म्हणालात तर सही करायला येतो.

---

कोथरूडची रहिवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं उत्तर मला कुठल्याही खिडकीवर मिळालं नव्हतं.

सूसच्या दादांना आधी उत्तर देते. तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तुमच्या मुलांना टँकरची वाट बघावी लागते हे वाचून फार वाईट वाटलं. माझा आग्रह इतकाच आहे की जे तुमच्याकडे झालं ते इथे होऊ नये. तुमच्याकडे माणसं आधी आली आणि पाइप आलाच नाही. आमच्याकडे पाइप आहे, पण तो चौसष्ट घरांनाच पुरत नाही. मेट्रो आली म्हणून घरं वाढवायची, तर मेट्रोबरोबर ड्रेनेजही वाढवायला हवं होतं. स्टेशनपासून पाचशे मीटरचं वर्तुळ नकाशावर आखलं, तेव्हा त्या वर्तुळाच्या आत जमिनीखाली काय आहे ते कुणीतरी बघायला हवं होतं. त्या वर्तुळात आमच्यासारख्या कितीतरी गल्ल्या आहेत आणि सगळ्यांचे पाइप एकाच काळातले आहेत.

सभासद दादा, तुमचा निरोप मैत्रिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, आम्हाला कुणी हे सांगितलंच नाही, आम्ही फक्त घराचा कार्पेट एरिया आणि भाडं बघत होतो. त्यांचा करारनामा अजून नोंदला गेलेला नाही. दोन्ही चेअरमन रविवारी आमच्या अंगणात यायला तयार झालेत. त्यांचं काम अडवायचं नाही, हे मी पहिल्याच वाक्यात सांगणार आहे.

तोवर आम्ही गल्लीची फाइल स्वतःच करायला घेतली आहे. एका मोठ्या कागदावर गल्ली काढली. प्रत्येक चेंबर, त्याची खोली (काठी घालून मोजली), कुठला चेंबर कुठल्या महिन्यात भरतो, पाण्याचा व्हॉल्व कुठे, कुठल्या घराला किती वाजता पाणी चढतं, कुठल्या इमारतीचा पुनर्विकास पुढच्या काही वर्षांत होणार. सात नंबरच्या आजोबांनी त्यांच्या डायरीतून पाणी शिरल्याच्या तारखा दिल्या. त्यांनी गेल्या अनेक पावसाळ्यांच्या नोंदी ठेवल्यात हे आम्हाला माहीतही नव्हतं. पाण्याच्या वेळा लिहायचं काम शेवटच्या बंगल्यातल्या कॉलेजच्या मुलाने घेतलंय, तो पहाटे क्रिकेटला उठतोच.

मागण्या तीन ठरल्या. गाड्यांचं गेट अठरा मीटरच्या रस्त्यावर. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे राहायच्या परवानगीच्या, आधी गल्लीची ड्रेनेज लाइन बदललेली आणि त्या इमारतीचा नळजोड मोठ्या रस्त्यावरच्या लाइनवरून घेतलेला. खोदकामाआधी शेजारच्या सगळ्या घरांची नोंद, बिल्डरच्या खर्चाने पण आम्ही निवडलेल्या इंजिनीअरकडून. पार्लेकर म्हणतात तसं गेट पहिल्या नंबरवर ठेवलंय, पण ड्रेनेज सोडायला मी तयार नाही. पाइप नंतर बदलता येतो हे खरं, पण "नंतर" म्हणजे कोण बदलणार? सहा मीटरच्या गल्लीत दोनदा रस्ता खणायचा का?

एक राहिलं. हद्दीवर दोन बुचाची झाडं आणि एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे. नकाशात तिथे रॅम्प दाखवलाय. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या बुचाच्या फुलांचा सडा पडतो, आमच्या पोरांनी त्यांच्या पिपाण्या केल्यात. ती झाडं वाचतील का?

---

वृक्षमित्र, एरंडवणे

झाडांपुरतं सांगते. महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय खाजगी जागेतलंही झाड तोडता येत नाही. अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते. हरकतीला सातच दिवस मिळतात, आणि हीच एक जागा आहे जिथे शेजाऱ्याची हरकत अधिकृतपणे ऐकली जाते. त्यामुळे रोज येता-जाता खोडाकडे बघत जा. कागद दिसला की त्याचा फोटो आणि त्याच दिवशी लेखी हरकत.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं. तुमचे प्लॉट सत्तरच्या दशकातले, म्हणजे पर्जन्यवृक्ष त्या काठावर असणार. कुणाकडे जुना फोटो असेल, बंगल्याच्या वास्तुशांतीचा, मुंजीचा, ज्यात मागे ते झाड दिसतंय, तर शोधून काढा. वय सिद्ध करायला उपयोगी पडतो. खोडाचा घेर छातीच्या उंचीला मोजून लिहून ठेवा.

आणि गेट मोठ्या रस्त्यावर गेलं तर रॅम्पही तिकडे जाईल. झाडांचा प्रश्न त्यातच सुटू शकतो. म्हणून हरकतीत "झाड तोडू नका" एवढंच न लिहिता, रॅम्प हलवला तर झाड तोडायची गरज उरत नाही, असं नकाशाच्या फोटोसकट लिहा.

---

नकाशे करणारा

ताई, फाइल करताय हे उत्तम. एक भर घालतो. ड्रेनेजची मागणी "लाइन बदला" अशी न करता, "सध्याचा व्यास, नवीन घरांची भर आणि लागणारा व्यास यांचा हिशेब विभागाने लेखी द्यावा" अशी करा. हिशेब मागितला की कुणालातरी सही करावी लागते. आणि सही करायची वेळ आली की माणूस प्रत्यक्ष येऊन चेंबर उघडून बघतो.

भोगवट्याच्या अर्जाबरोबर पाणी आणि ड्रेनेज विभागाचे दाखले लागतातच. तुमचं पत्र आत्ता त्या दोन्ही विभागांच्या आवकमध्ये पडलं आणि पोच तुमच्या हातात असली, तर तीन-चार वर्षांनी दाखला देणाऱ्याला ते पत्र डावलून पुढे जाणं अवघड होईल. पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही असल्याशिवाय खिडकी सोडू नका.

---

कोथरूडची रहिवासी

पत्राचा मसुदा आज रात्री टाकते, हिशेबाचं वाक्य तुम्ही लिहिलंय तसंच घेते. वास्तुशांतीचा फोटो पाच नंबरच्या घरी मिळाला, मागे झाड आहे, पण फोटोवर तारीख नाही. निमंत्रणपत्रिका शोधतायत.

एक शंका. मैत्रिणीने पाठवलेल्या नकाशात ड्रेनेजची रेषा आमच्या गल्लीतल्या चेंबरपर्यंत तुटक दाखवलीय आणि मोठ्या रस्त्याकडे काहीच नाही. मोठ्या रस्त्यावर मुख्य लाइन आहे हे आम्हाला माहीत आहे, मेट्रोच्या कामात ती उघडी पडलेली सगळ्यांनी बघितलीय. मग जोड तिकडे का नाही दाखवला? उताराचा काही नियम आड येतो का?

---

नकाशे करणारा

उतार हे कारण असू शकतं, पण कोपऱ्याच्या प्लॉटला शक्यता कमी. गल्लीतला चेंबर जवळ पडतो, तेवढा पाइप आणि रस्ता खोदाईचं शुल्क वाचतं, म्हणून बहुतेक वेळा तसा जोड दाखवतात. दोन्ही चेंबरच्या तळाची पातळी मोजून घ्या. रविवारी तुम्हाला चालणार असेल तर मी ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचं यंत्र, घेऊन सकाळी आठला येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मोठ्या रस्त्यावरचा चेंबर उघडायला मात्र विभागाचा माणूस लागेल, त्याला आधी सांगून ठेवा.